प्रणाली कशी वागते?

व्याख्या : एकमेकांवर परिणाम करणारे घटक आणि त्यांच्यातील संबंध मिळून प्रणाली बनते. वाळूचा ढीग प्रणाली नव्हे. शरीर, जंगल, बाजारपेठ या प्रणाली.

प्रणाली-विचाराचे टप्पे
• १९४८ : नॉर्बर्ट वीनर यांचे ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक.
• १९५० चे दशक : एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्याकडून ‘सिस्टिम डायनॅमिक्स’ची पायाभरणी. १९७२ चा ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ हा गाजलेला अहवाल याच पद्धतीवर आधारित.
• १९६८ : जीवशास्त्रज्ञ लुडविग फॉन बर्टालान्फी यांचे ‘जनरल सिस्टिम थिअरी’ हे पुस्तक.

फीडबॅक : परिणाम उलट फिरून कारणावर काम करतो. प्रकार दोन.
• ऋण : बदल रोखणारा. घाम येऊन शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते.
• धन : बदल वाढवणारा. उदा. चक्रवाढ व्याज. धन म्हणजे चांगला असे नव्हे. बँकेबाहेर ठेवी काढायला उडणारी झुंबडही धनच.

विलंब : सर्वाधिक दुर्लक्षित, पण कळीचा घटक. कांद्याचा भाव चढला की लागवड वाढते. पीक हाती यायला काही महिने लागतात. तेव्हा सगळ्यांचाच माल एकदम बाजारात येतो, भाव कोसळतो, पुढची लागवड घटते आणि भाव पुन्हा चढतो. अवकाळी पाऊस किंवा निर्यातबंदी हे बाहेरचे धक्के. हेलकावे मात्र त्यांच्याविनाही येतात.