छताचा पंखा : बसविणे व बदलणे

मुंबईचे एके काळचे गव्हर्नर लॉर्ड रे (१८८५-१८९०) यांच्या नावाचे रे रोड हे स्थानक १९१० साली सुरू झाले. बंदर जवळ असल्यामुळे तेथील हवा दमट व खारी आहे, आणि अशा हवेत लोखंड लवकर गंजते. म्हणून त्या भागातील जुन्या घरात पंखा बदलताना तो ज्यावर टांगावयाचा तो हूक प्रथम तपासणे अगत्याचे ठरते. समुद्रापासून दूर असलेल्या शाळेतही छतात पावसाचे पाणी मुरले म्हणजे हुकाची तीच अवस्था होते. पंख्याखाली मुले बसतात, हे शिक्षकांनी सदैव ध्यानी ठेवावे.

पंखा हळू फिरू लागला म्हणून तो लगेच बदलू नये. पुष्कळदा केवळ कपॅसिटर निकामी झालेला असतो व तो बदलल्याने काम भागते.

पंखा बदलावयाचाच असेल, तर विजेच्या जोडण्या परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्याव्यात. मेन स्विच बंद करून टेस्टरने खात्री केल्यावाचून तारेस हात लावू नये. एकाने शिडीवर चढावे व दुसऱ्याने शिडी धरावी. हूक गंजला असेल किंवा हलत असेल, तर तो आधी बदलावा. हुकावरील रबरी चाक, बोल्ट व नट नवे घ्यावेत. बोल्टातील खिळपिन घातल्यावर तिचे दोन्ही पाय वाकविण्यास विसरू नये. नट सैल झाला तरी बोल्ट निसटू न देणारी तीच होय. भूतार अवश्य जोडावी. एका पंख्याची पाती दुसऱ्यास लावू नयेत. वजनातील फरकाने पंखा डोलतो. पाती जमिनीपासून किमान २.४ मीटर उंच असावीत.

साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅट. रोज दहा तास चालविल्यास तीस दिवसांत साडेतेरा युनिटांची बचत होते. मात्र अशा पंख्यास जुना रेग्युलेटर जोडू नये.

पंखा हवा थंड करीत नाही. वाऱ्याने घाम लवकर सुकतो, म्हणून गारवा वाटतो. यास्तव वर्ग सुटताच तो बंद करावा. दर वर्षी शाळा उघडण्यापूर्वी हूक व खिळपिन पाहून घेण्याचा परिपाठ ठेवावा.