हातातल्या वॉकीटॉकीची निगा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गणपती विसर्जनाच्या बंदोबस्तात पोलिसाच्या खांद्यावर, लोको पायलटच्या हातात, साखर कारखान्याच्या गेटवर, मोठ्या सोसायटीच्या रखवालदाराच्या कमरेला आणि आता गड चढणाऱ्या ट्रेकर मंडळींच्या पाठपिशवीलाही एक काळा, जाडसर, वीतभर शेपटीचा संच लटकलेला तुम्ही पाहिला असेल. हाच वॉकीटॉकी. गेली पंचवीस वर्षं मी हे संच दुरुस्त करतो आहे. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आल्यावर हा धंदा बसेल असं मला अनेकांनी सांगितलं होतं. तो बसला नाही. याचं कारण २६ जुलै २००५ ला मुंबईकरांनी अनुभवलं आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणकरांनी. पाणी चढलं, वीज गेली आणि मोबाइल मुके झाले. मोबाइलला मध्ये टॉवर लागतो. वॉकीटॉकीचे दोन संच मात्र थेट एकमेकांशी बोलू शकतात. मध्ये कोणी नसलं तरी चालतं.

अडचण अशी की संकटात ज्याच्यावर भिस्त ठेवायची, तो संच एरवी वर्षभर कपाटात पडलेला असतो. मग ऐन वेळी बटण दाबलं की तो नुसता ‘टुक’ करून गप्प बसतो. माझ्याकडे येणाऱ्या संचांपैकी बरेचसे खऱ्या अर्थाने बिघडलेले नसतातच, त्यांची आबाळ झालेली असते. ही आबाळ टाळणं कुणालाही जमण्यासारखं आहे. संच उघडण्याचं काम मात्र कुणीही करावं असं नाही. या दोन गोष्टींतली सीमारेषा कुठे आहे, ते आज सांगतो.

एकदा रत्नागिरीकडचे एक तांडेल आले. म्हणाले, “भाऊ, ऐकू सगळं येतंय, पण बोलायला बटण दाबलं की बंद पडतो. आतलं काहीतरी जळलं असणार.” मी संच उघडलाच नाही. दुसरी चांगली बॅटरी लावली आणि संच खणखणीत बोलू लागला. ही तक्रार सर्वांत जास्त येते, म्हणून तिचं कारण समजून घ्या. संच नुसता ऐकण्यासाठी तयार असतो तेव्हा बॅटरीतून अगदी थोडा विद्युतप्रवाह घेतो. बोलण्याचं बटण दाबलं की चार-पाच वॅटची लहर हवेत सोडायची असते, आणि तेव्हा तो पंधरा-वीस पट जास्त प्रवाह ओढतो. म्हाताऱ्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो. थोडा प्रवाह ती देऊ शकते, पण एकदम जास्त मागितला की तिचा दाब कोसळतो आणि संच बंद होतो. तेव्हा ऐकू येतं पण बोलता येत नाही, असं झालं तर पहिला संशय बॅटरीवर घ्यावा.

“पण चार्जरवर हिरवा दिवा लागतो की!” असं लोक म्हणतात. तळाशी गाळ साचलेला हंडा लवकरच भरतो, तसंच हे आहे. दिवा हंडा भरला एवढंच सांगतो, हंड्यात पाणी किती मावतं ते सांगत नाही. ते पाहायला बॅटरी पूर्ण भरून, मोजून उतरवावी लागते. असं मोजणारं यंत्र चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे असतं. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली गेलेली बॅटरी महत्त्वाच्या कामावरून काढून टाकावी, असा या धंद्यातला संकेत आहे. रोज चार्ज होणारी लिथियम बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत तिथवर येते. म्हणून नवी बॅटरी आणली की तिच्या पाठीवर न पुसणाऱ्या पेनाने महिना आणि वर्ष लिहून टाका. ही सवय लागली की निम्मी कटकट जाते.

बॅटरीचा ‘एक दिवस चालेल’ हा हिशेबही नीट कळायला हवा. उत्पादक तो बहुधा ५-५-९० या प्रमाणावर मांडतात. म्हणजे शंभरातला ५ भाग बोलणं, ५ भाग ऐकणं आणि ९० भाग नुसतं थांबणं. आठ तासांच्या पाळीत बोलणं झालं जेमतेम २४ मिनिटं. संचावर गप्पा मारल्या तर संध्याकाळी, नेमकी गरज असताना, बॅटरी उतरलेली असणार. निरोप आधी मनात जुळवा, मग बटण दाबा, थोडक्यात बोला आणि बटण सोडा. बटण दाबून धरलेलं असताना तुम्हाला समोरचा ऐकू येत नाही, आणि त्याच चॅनलवरच्या इतरांचाही रस्ता अडतो.

आता बॅटरीची राखण. जुन्या संचांत निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असायच्या. त्या अर्धवट वापरून पुन्हापुन्हा चार्ज केल्या की सुस्तावत, म्हणून त्या मधूनमधून पूर्ण उतरवा असं आम्हीच सांगायचो. आजच्या लिथियम-आयन बॅटरीला तो सल्ला लावू नका. तिला पूर्ण उतरणं मानवत नाही, आणि कायम काठोकाठ भरून ठेवणंही मानवत नाही. जून-जुलैतल्या मासेमारीबंदीसारखा दोन महिने संच पडून राहणार असेल, तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवा, संचापासून वेगळी करा आणि थंड, कोरड्या जागी ठेवून द्या. उन्हात उभ्या असलेल्या जीपच्या काचेमागे संच ठेवणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य जाळणं. गरम झालेली बॅटरी निवल्यावरच चार्जरवर लावा. हिमालयात जाणाऱ्यांनी उलट काळजी घ्यावी. शून्य अंशाखाली गोठलेली लिथियम बॅटरी चार्ज करू नये, त्याने तिच्या आत कायमची इजा होते. ती आधी अंगाशी धरून ऊबेला आणा.

यापुढचा भाग सुरक्षिततेचा आहे. ज्या कंपनीचा संच, त्याच कंपनीने सांगितलेला चार्जर वापरा. चार्ज करताना संच बंद ठेवा, आणि चार्जर कागदाच्या गठ्ठ्यावर, गादीवर किंवा पडद्याजवळ ठेवू नका. सुटी बॅटरी खिशात किल्ल्या आणि नाण्यांबरोबर टाकू नका. तिच्या उघड्या टोकांवर किल्ली आडवी पडली की शॉर्ट होऊन क्षणात चटका बसतो. फुगलेली, गळणारी किंवा आपटून चेपलेली बॅटरी चार्ज करून पाहायची नाही. दाबून बसवायची नाही आणि टोचून हवा काढण्याचा तर विचारही करू नका. चार्जरवर धूर दिसला तर भिंतीवरचं बटण सुरक्षितपणे हाताला येत असेल तरच बंद करा, माणसं बाजूला काढा आणि तो धूर छातीत घेऊ नका. वीज तुटल्यावर लांबून भरपूर पाणी मारून बॅटरी थंड करता येते. आग वाढत असेल तर धाडस न करता अग्निशमन दलाला बोलवा. निकामी बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नयेत. कॅडमियम विषारी असतं, आणि लिथियम बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा दुकानदाराला त्या मागायला लावा. टोकांवर चिकटपट्टी लावून मगच द्या.

बॅटरीनंतर मान अँटेनाचा. १५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी २ मीटर असते. तिच्या पाव भागाएवढा, म्हणजे अर्ध्या मीटरचा अँटेना खरं तर हवा. तो स्प्रिंगसारखा गुंडाळून रबराच्या वीतभर शेपटीत बसवलेला असतो. संच त्या शेपटीला धरून उचलला, फिरवला, लटकवला की आतली तार तुटते. बाहेरून मात्र सगळं ठीक दिसतं. मग ‘रेंज कमी झाली’ म्हणून संच माझ्याकडे येतो. दुसरी गंमत अशी की वेगवेगळ्या पट्ट्यांचे अँटेना दिसायला सारखेच असतात. ४५० मेगाहर्ट्झचा अँटेना १५० च्या संचावर फिरवून बसवता येतो, पण काम करत नाही. अँटेनाशिवाय किंवा चुकीच्या अँटेनावर बोलण्याचं बटण दाबलं, तर हवेत न गेलेली शक्ती उलटी फिरते आणि संचातला शेवटचा ट्रान्झिस्टर जाळू शकते. म्हणून अँटेना काढलेला असताना बटण दाबायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा. रबर फाटून आतला धातू उघडा पडला असेल तर तो अँटेना लगेच बदला. बोलत असताना तो कातडीला लागला तर बारीक चटका बसतो. बोलताना संच उभा धरा, तोंडापासून दोन-तीन बोटं लांब. त्याने आवाज फाटत नाही आणि अँटेनाही डोक्यापासून दूर राहतो.

पाणी आणि धूळ. संचावर ‘आयपी ६७’ लिहिलेलं असेल, तर तो धूळ आत घेत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी टिकतो, असा त्याचा अर्थ. पण ही चाचणी नव्या संचाची आणि साध्या पाण्यातली असते. इअरपीसच्या भोकावरचं रबरी झाकण हरवलं की ती हमी संपली. समुद्राचं पाणी लागलं तर, जलरोधक संच असल्यास, झाकणं लावलेली आहेत हे पाहून तो गोड्या पाण्याने हलकेच धुवा, बॅटरी काढून पुसा आणि सावलीत वाळवा. मीठ वाळून राहिलं की बॅटरीच्या संपर्कपट्ट्यांवर हिरवट थर चढतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावा. संच बाहेरून पुसायला साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं पुरतं. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रावण वापरू नका, त्याने प्लास्टिकला तडे जातात. ओला संच चार्जरवर ठेवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

विसर्जनानंतर माझ्याकडे येणाऱ्या संचांत माइकच्या भोकात गुलाल गच्च बसलेला असतो. तो टाचणीने उकरायचा मोह होतो. पण त्या भोकामागे पाणी अडवणारा पातळ पडदा असतो, आणि टाचणीने तो फाटतो. जोरदार हवेचा झोतही तेच करतो. मऊ कोरड्या ब्रशने, संच उलटा धरून झाडा. तेवढ्याने गेलं नाही तर माझ्यासारख्याकडे द्या.

इथे तुमचं काम संपतं आणि मेकॅनिकचं सुरू होतं. संच उघडला की त्याची रबरी पट्टी पुन्हा नीट बसवून दाबाची चाचणी घेतल्याशिवाय तो जलरोधक राहत नाही. टेबलावर आम्ही आधी बॅटरी काढतो. मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधतो, कारण अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला मारते. सोल्डरिंग खिडकीपाशी किंवा पंख्याने धूर बाहेर काढत करायचं, आणि शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. जुन्या काही शक्तिशाली ट्रान्झिस्टरांत बेरिलियम ऑक्साइड असतं. त्याची पूड फुप्फुसाला घातक असते, म्हणून असा भाग फोडायचा किंवा घासायचा नसतो. आणि तपासणीसाठी बटण दाबायचं ते अँटेनाऐवजी ५० ओहमचा ‘डमी लोड’ लावून, म्हणजे आपली चाचणी दुसऱ्याच्या कामाच्या चॅनलवर जात नाही. समुद्रावर १५६.८ मेगाहर्ट्झ हे चॅनल १६ संकटातल्या हाकेसाठी असतं. तिथे कुणी ‘हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग’ करत बसलं, तर त्याच मिनिटाला एखादी बुडणारी होडी ओरडत असू शकते.

वर्षातून एकदा यंत्रावर तीन गोष्टी मोजून घ्या. लहर नेमक्या ठिकाणी आहे का, शक्ती पुरेशी आहे का आणि कान तिखट आहेत का. चांगला संच पाव मायक्रोव्होल्टएवढा क्षीण संदेशही पकडतो. ‘जरा पॉवर वाढवून द्या’ ही मागणी मात्र मी नाकारतो. शक्ती दुप्पट केली तरी पल्ला दुप्पट होत नाही. संच तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. पल्ला हवा असेल तर चार पावलं चढून उंचावर जा.

गॅसचे, पेट्रोलचे कारखाने, धान्याच्या धुळीची गोदामं अशा ठिकाणी साधा संच न्यायचाच नाही. तिथे ठिणगी पडू नये असे खास बनवलेले, मान्यताप्राप्त संच लागतात. आपल्या देशात ही मान्यता देणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. असा संच घेतला तरी त्या जागेत बॅटरी बदलायची नाही, आणि तो अधिकृत केंद्राबाहेर उघडायचा नाही. एक साधा स्क्रू किंवा परकी बॅटरी बदलली तरी त्याची सुरक्षितता संपते. विहिरीसाठी किंवा खाणीत जिथे विजेच्या केपांनी सुरुंग लावले जात असतील, तिथे संच बंद ठेवा. लहरीने केप उडण्याचा धोका असतो.

शेवटी कायद्याचं. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधल्या कमी शक्तीच्या संचांना २०१८ पासून परवान्यातून सूट आहे. इतर बहुतेक संचांना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परवानगी लागते. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त संचांत कुठलीही लहर भरता येते, म्हणून ती वापरायची मुभा मिळते असं नाही. अशा विक्रीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पोलिसांच्या किंवा विमानांच्या चॅनलवर चुकूनही आवाज गेला, तर अडचण तुमचीच नव्हे, इतरांचीही होते.

ज्यांच्या गावात, मंडळात, सोसायटीत किंवा होडीवर असे संच आहेत त्यांनी एक वही घालावी. प्रत्येक संचाला क्रमांक, बॅटरीची तारीख, शेवटची तपासणी. दर रविवारी सकाळी दहा मिनिटं सगळे संच काढा, दोघांनी दोन टोकांना उभं राहून प्रत्येकावर बोलून पाहा आणि जो अडखळेल त्याच्यापुढे वहीत फुली मारा. पावसाळ्याआधी त्या फुल्या पुसल्या गेल्या पाहिजेत. पूर आल्यावर माझं दुकानही पाण्यात असेल.