मानधनाच्या रकान्यात निरंक

पुण्यातल्या काही मास्तरांचा पगार एके काळी चारचौघांना ठाऊक होता. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा आजीव सदस्याने 20 वर्षे शिकवायचे आणि महिना 75 रुपयांत भागवायचे असे ठरले. 1890 मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले ते राजीनाम्याचे लांबलचक पत्र लिहून. आजीव सदस्यांनी बाहेरची कामे आणि बाहेरची मिळकत करावी की नाही, हा त्या वादातला मोठा मुद्दा होता. भांडण कडवट झाले, माणसे दुरावली. आज ते वाचताना मला मात्र थोडा हेवाच वाटतो. आकडा माहीत होता, म्हणून आकड्यावरून तत्त्वाचे भांडण तरी करता येत होते.

आता एखाद्या नामवंत सेवाभावी संस्थेच्या संचालकाला पगार विचारून पाहा. आधी तुमचा शब्द दुरुस्त होईल: पगार नव्हे, मानधन. पगार म्हटले की नोकरी, मानधन म्हटले की सेवा. आणि सेवेचा भाव विचारणे हा असभ्यपणा. एका संस्थेच्या वार्षिक सभेत मी खर्चाच्या एका ओळीबद्दल विचारले, तेव्हा अध्यक्ष हसून म्हणाले, "अहो, घरचंच कार्य आहे." पाठोपाठ चहा आला आणि सभा संपली.

कायदा नाही असे मुळीच नाही. 1950 चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा (आता नावात महाराष्ट्र) आपल्याकडच्या देवळापासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांना लागू आहे. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यायचे. विश्वस्त बदलले तर 90 दिवसांत बदल अर्ज. या बदल अर्जांची गंमत न्यारीच. दोन गटांचे दोन अर्ज, दोघांच्याही हरकती, तारखांवर तारखा. एवढ्यात एखादा विश्वस्त देवाघरी जातो, तरी परिशिष्ट 1 च्या उताऱ्यावर त्याचे नाव विराजमान! संस्था कोण चालवतो हेच जिथे कागदावर ठरत नाही, तिथे त्याला काय मिळते हा प्रश्न फार पुढचा.

तरीही हिशेबाचा नमुना वाचण्यासारखा आहे. परिशिष्ट 8 म्हणजे ताळेबंद, परिशिष्ट 9 म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक. खर्चाच्या बाजूला 'विश्वस्तांचे मानधन' असा वेगळा रकाना आहे. त्याखालचा रकाना तर थेट मठाधिपतींच्या मोबदल्याचा, घरखर्च असल्यास त्यासकट! ज्याने हा नमुना आखला त्याला महाराष्ट्र चांगला ठाऊक होता. भगव्या वस्त्रालाही किराणा लागतो, हे त्याने छापील ओळीत मान्य केले.

विश्वस्तांच्या रकान्यात बहुधा 'निरंक' असते, आणि ते खोटेही नसते. विश्वस्त पैसे घेत नाहीत. संस्था प्रत्यक्ष चालवणारा संचालक किंवा सचिव घेतो. त्याचा पगार 'आस्थापना खर्चा'त तरी जातो, नाहीतर 'संस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्चा'त. शिपाई, लेखनिक, जीपचा ड्रायव्हर आणि संचालक एकाच बेरजेत गुण्यागोविंदाने नांदतात. शिवाय तो हिशेब जातो कार्यालयात. लोकांना हवा असेल तर अर्ज करा, फी भरा, नक्कल घ्या. आयकर कायद्यालाही संस्थापक किंवा त्याच्या नातलगांना वाजवीपेक्षा जास्त मोबदला दिलेला चालत नाही. करसवलत धोक्यात येते. पण वाजवी किती, ते अधिकारी आणि सीए यांच्यात ठरते. देणगीदाराच्या हाती 80जीची पावती.

अमेरिकेत करमुक्त संस्थेला दरवर्षी फॉर्म 990 भरावा लागतो. पूर्ण फॉर्मात प्रत्येक विश्वस्ताचे आणि पदाधिकाऱ्याचे नाव, आठवड्याचे तास आणि मोबदला येतो. 1 लाख डॉलरांहून जास्त मिळवणाऱ्या वरच्या पाच कर्मचाऱ्यांचाही. मागेल त्याला तो दाखवावा लागतो, आणि 2013 पासून प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावर तो घरबसल्या शोधता येतो. तिथल्या करमुक्त मराठी मंडळांचीही यातून सुटका नाही. फक्त वर्षाची जमा साधारण 50 हजार डॉलरांच्या आत असेल तर पोस्टकार्डाएवढी नोंद पुरते. चर्चना मात्र पूर्ण सूट. देवाचा हिशेब तिकडेही नाजूक दिसतो.

म्हणून तिकडे सगळे आलबेल होते असे नाही. युनायटेड वे ऑफ अमेरिकाचे प्रमुख विल्यम अ‍ॅरामनी यांना 1992 मध्ये पायउतार व्हावे लागले, 1995 मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. फॉर्म तेव्हाही होता. पण प्रकरण उघड झाले ते पत्रकारांनी कागद उपसले म्हणून. ब्रिटनमध्ये मोठ्या धर्मादाय संस्थांना 60 हजार पौंडांवरचे पगारदार किती, हे 10 हजारांच्या टप्प्यांनी छापावे लागते. नावे नाहीत, पण उंची कळते. आपल्या मराठी भिडस्तपणाला हा मार्ग मानवेल, असे मला वाटते.

आपल्याकडे वारे उलटे वाहताना दिसते. परदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थांनी दर तिमाहीला आकडे जाहीर करण्याचा नियम जुलै 2022 मध्ये वगळला गेला. त्याच महिन्यात गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून संस्थांची वार्षिक विवरणपत्रेही काढली गेली. म्हणजे सरकारला सगळे दिसते. तुम्हाआम्हाला दिसत होते तेवढे बंद. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये मात्र म्हटले, की सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या खासगी संस्थाही माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात. पण लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांना हे लागू होत नाही.

संचालकाने फुकट राबावे, असे माझे म्हणणे नाही. शेकडो खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्याला भरघोस पगार हवाच. गुपिताची झळ बसते ती खाली. वाड्यापाड्यांवर हिंडणाऱ्या कार्यकर्तीने मानधन वाढवून मागितले की तिला त्याग शिकवतात, आणि शिकवणाऱ्याचा त्याग किती रुपयांचा, हे तिला कधी कळत नाही.

आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा फळा विसर्जनानंतर चार दिवस तसाच असतो. 51 रुपयांच्या वर्गणीपासून मांडव, ढोलताशा, प्रसाद, शिल्लक, सगळे खडूने लिहिलेले. गेल्या वर्षी 'गुरुजींची दक्षिणा' या ओळीपुढे कोणीतरी रात्रीतून लिहून ठेवले, "फार झाली." सकाळी पोरांनी ओला फडका आणला, तो शेरा पुसला आणि आकडा तसाच ठेवला.