मुलांना निजवा, भिववू नका!

लहान मूल रात्री अंथरुणावर ठरत नाही, ही तक्रार आमच्या माता-भगिनींकडून नेहमी ऐकू येते. नऊ वाजता गोधडीवर निजवलेले तीन-चार वर्षांचे पोर सव्वानऊला उठून बसते. पाणी हवे, शू लागली, बाबा कुठे गेले, अजून एक गोष्ट सांग, असे एकेक निमित्त काढीत ते अकरा वाजवते. दिवसभर राबून आलेल्या आईचा धीर सुटतो. मग एक तर पाठीत धपाटा बसतो, नाही तर "झोप मुकाट्याने, बागुलबुवा येईल" हे ठेवणीतले अस्त्र बाहेर निघते. प्रश्न घरगुती खरा. परंतु ज्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला अंधश्रद्धेचे जोखड फेकून दिले, त्या समाजाच्या घरात दर रात्री मुलाच्या उशाशी भूत बसवले जावे, ही गोष्ट आम्हाला साधी वाटत नाही.

आमच्या वारज्याचेच उदाहरण घेऊ. वारजे १९९७ साली पुणे महानगरपालिकेत आले आणि पाहता पाहता गावाचे उपनगर झाले. एकीकडे मोठमोठ्या सोसायट्या उभ्या राहिल्या, तर दुसरीकडे रामनगर, माळवाडी भागात एक-दोन खोल्यांत पाच-सहा माणसे राहतात. शेजारून मुंबई-बंगळूर महामार्ग जातो. कोणी रिक्षा चालवतो, कोणी बांधकामावर जातो, कोणी रात्रपाळीचा सुरक्षारक्षक आहे, तर कित्येक भगिनी पहाटे उठून सोसायट्यांतील धुण्याभांड्याला जातात. ज्या खोलीत भाकरी थापायची तिथेच मोठ्या मुलाचा अभ्यास, तिथेच टी.व्ही. आणि तिथेच लहानग्याची झोप! अशा घरात "मुलाला वेगळ्या खोलीत झोपवा" हा पाश्चात्त्य पुस्तकांतील सल्ला काय कामाचा? आणि त्याची खंतही नको. आईजवळ, आजीजवळ निजण्यात गैर काहीच नाही. मूल कोणत्या खोलीत झोपते यापेक्षा, त्याच्या झोपेच्या वेळी घर कसे वागते, हा खरा मुद्दा आहे.

या बाबतीत सुभेदार रामजी सकपाळांचे उदाहरण प्रत्येक पालकाने डोळ्यांसमोर ठेवावे. परळच्या डबक चाळीत या कुटुंबाला एकच खोली होती. संसाराचे सगळे सामान तिथेच. अशा खोलीत अभ्यास कसा व्हावा? रामजीबाबांनी भीमरावास लवकर निजवायचे ठरवले. स्वतः ते पहाटे दोनपर्यंत जागत, मुलास उठवून अभ्यासास बसवीत आणि मग त्याच जागी अंग टाकीत. भीमराव तेव्हा हायस्कुलात होते. आपल्या चिमुकल्यांना कोणी दोन वाजता उठवू नये! बोध एवढाच घ्यावा की, जागा एकच होती, पण बापाने आपल्या झोपेची वेळ मुलासाठी बदलली. मुलाने मोठ्यांच्या सोयीने झोपावे, असे त्यांनी म्हटले नाही.

किती झोप हवी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितल्याप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलास दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास, तर तीन ते चार वर्षांच्या मुलास १० ते १३ तास झोप लागते. सकाळी सातला उठून अंगणवाडीत जाणारे मूल रात्री अकराला झोपले तर त्याचे दोन-तीन तास रोज बुडतात. ते चिडके होते, जेवत नाही, बालवाडीत पेंगते. आपण म्हणतो, "पोर हट्टी आहे." पोर हट्टी नसते, पुष्कळदा ते झोपेचे उपाशी असते.

तेव्हा पुढील गोष्टी करून पाहाव्यात. दुपारची झोप चारच्या पुढे जाऊ देऊ नये. संध्याकाळी चहात बिस्कीट बुडवून देण्याची सवय मोडावी. चहा मोठ्यांना जागवतो तसा मुलांनाही जागवतो. झोपेच्या तासभर आधी टी.व्ही. आणि मोबाईल बंद, आणि तो सर्वांचाच. मुलाला निजवून आपण मालिका पाहायची, तर ते उठणारच. आपण तरी झोपलो असतो का? मोठ्या मुलाचा अभ्यास असेल तर दिव्याला आडोसा करावा.

रोजचा क्रम एकच ठेवावा. जेवण, हातपाय धुणे, शू, घोटभर पाणी, त्रिसरण-पंचशील, एक गोष्ट आणि दिवा मंद. गोष्ट एकच, दुसरी उद्या. रोज त्याच क्रमाने त्याच गोष्टी घडल्या की, आता झोपायचे, हे मुलाला सांगावे लागत नाही. घड्याळ कळत नसलेल्या मुलाला हा क्रमच घड्याळ होतो.

एवढे करूनही ते उठले तर ओरडू नये, मारू नये, लाडही करू नयेत. हात धरून मुकाट्याने परत अंथरुणावर न्यावे. "आता झोपायची वेळ" एवढेच बोलावे. दहा वेळा उठले तर दहा वेळा हेच. पहिले दोन-तीन दिवस मूल अधिकच गोंधळ घालील. आपली युक्ती चालेनाशी झाली की कोणीही जोर वाढवतो. इथेच बहुतेक घरे हार मानतात. नवव्या वेळी आईने कंटाळून मोबाईल हातात दिला, तर मूल शिकते की नऊ वेळा उठले की मोबाईल मिळतो.

आणखी एक युक्ती सांगण्यासारखी आहे. १९९९ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी तीन आणि दहा वर्षांच्या दोन मुलांवर साधा प्रयोग केला. मुलाला झोपताना एक चिठ्ठी द्यायची. ती देऊन त्याने एकदाच उठावे, पाणी प्यावे वा आईला मिठी मारावी. चिठ्ठी संपली की उठणे संपले. दोन्ही मुलांचे रात्रीचे उठणे आणि रडणे थांबले. पुढे २००७ साली तीन ते सहा वर्षांच्या मुलांवरही ही युक्ती लागू पडली. खर्च काही नाही; जुन्या वहीचा पुठ्ठा पुरे. मुलाला आपल्या हाती काही अधिकार आहे असे वाटते आणि तो जपून वापरण्याची शिस्तही लागते.

भूत कोणी आणले?

आता बागुलबुव्याकडे वळू. भीतीने मूल डोळे मिटते, झोपत नाही. अंधारात आवाज झाला की दचकते, मोरीपर्यंत एकटे जात नाही, आईचा पदर सोडत नाही. म्हणजे ज्या रोगासाठी औषध दिले, तोच रोग वाढला! शिवाय हे खोटे बोलणे आहे. "मी इथेच बसले आहे" म्हणून मूल पेंगताच निघून जाणे, "उद्या खाऊ आणीन" म्हणून न आणणे, हेही खोटेच. तथागतांनी बाल राहुलाला भांड्यातील उरलेले थोडेसे पाणी दाखवून खोटे न बोलण्याचा उपदेश केला, आणि थट्टेतही खोटे बोलू नये, असे शिकवले. हा राहुलोवाद सम्राट अशोकाला इतका मोलाचा वाटला की, बैराटच्या शिलालेखात त्याने तो आवर्जून नोंदवला. आपण संध्याकाळी मुलाकडून चौथे शील म्हणवून घेतो आणि तासाभरात त्याच्यासमोर ते मोडतो, हे कसे चालेल? मूल अंधाराला भीत असेल तर हसू नये. दिवा लावून कोपरा दाखवावा, खुंटीवरचा शर्ट तो शर्टच आहे, हे त्याच्या हाताने तपासू द्यावे. पाहून, पारखून मग मानण्याचा धम्माचा पहिला धडा इथेच मिळतो.

काही मुले झोप लागल्यावर दोन-तीन तासांच्या आत किंचाळून उठतात. डोळे उघडे, पण आईलाही ओळखत नाहीत. सकाळी काहीच आठवत नाही. याला "बाहेरचे झाले" समजून दृष्ट काढली जाते, दोरा बांधला जातो. ही अर्धवट जागेपणाची अवस्था असते आणि वयाबरोबर बहुधा आपोआप जाते. मुलाला गदागदा हलवू नये. लागू नये, पडू नये एवढे पाहावे. हे वारंवार होऊ लागले तर डॉक्टरांना सांगावे.

काही वेळा न झोपण्याचे मूळ शरीरातच असते. रात्री गुदद्वाराशी खाज सुटत असेल तर जंत असू शकतात. अंगणवाडीत व शाळेत मिळणारी जंताची गोळी चुकवू नये. मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर टॉन्सिल तपासून घ्यावेत. पाय सारखे हलवीत असेल तर रक्तात लोह कमी असण्याचा संभव आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरांपैकी सुमारे ६९ मुलांत रक्तक्षय आढळला. अशा मुलाला धपाटा नव्हे, महापालिकेचा दवाखाना हवा.

शेवटी, हे काम एकट्या आईचे नाही. पोर झोपत नाही याचा दोष तिच्या माथी मारून बाहेर ओट्यावर गप्पा मारीत बसणाऱ्या बंधूंना आमचे सांगणे आहे की, आठवड्यातून तीन रात्री तरी मुलाला तुम्ही निजवा. गोष्ट तुम्ही सांगा. रमाईची सांगा, सावित्रीमाईची सांगा. आणि वस्तीचेही कर्तव्य आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. तो इतरांच्या उत्सवांना जसा लागू, तसा आपल्या जयंतीलाही. ज्या महामानवाच्या पित्याने मुलाच्या अभ्यासासाठी आपली झोप सोडली, त्याच्या जयंतीच्या आवाजाने वस्तीतील एकाही बाळाची झोप मोडू नये.

शिका, हा बाबासाहेबांचा आदेश आपण मुलांच्या कानी नेहमी घालतो. पण शिकायला ताजे डोके लागते आणि निर्भय मन लागते. ही दोन्ही रात्रीच्या गोधडीतच तयार होतात. तेव्हा आजपासून आपल्या घरातून बागुलबुव्याला कायमचा निरोप द्यावा, एवढीच आमची विनंती.

जयभीम!