फोन एका कंपनीचा, टॅबलेट दुसऱ्या कंपनीचा : चालेल का?

दुकानात बसणारा व्यापारी असो की कारखान्यात राबणारा कारागीर, मोबाइल फोन आता प्रत्येकाच्या खिशात आहे. परंतु फोनचा पडदा लहान असतो. ग्राहकाला कपड्याची नक्षी किंवा कपाटाचा नमुना दाखवायचा, उधारीची लांबलचक यादी वाचायची, तर डोळे ताणावे लागतात. म्हणून आठ-साडेआठ इंचाचा, एका हातात मावणारा छोटा टॅबलेट घ्यावा असा विचार अनेक जण करतात. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "तुमचा फोन कोणत्या कंपनीचा?" आणि लगेच सल्लाही मिळतो, "मग टॅबलेट त्याच कंपनीचा घ्या, नाहीतर दोघांचे जमणार नाही."

हा सल्ला कितपत खरा आहे, हे पैसे मोजण्यापूर्वी तपासले पाहिजे. कारण फरक थोडाथोडका नाही. सॅमसंगचा ८.७ इंची गॅलेक्सी टॅब ए९ २०२३ साली आपल्याकडे आला तेव्हा त्याच्या वाय-फाय नमुन्याची किंमत १२,९९९ रुपये होती. अ‍ॅपलचा ८.३ इंची आयपॅड मिनी २०२४ साली ४९,९०० रुपयांपासून पुढे विकला जाऊ लागला. यंत्र म्हणून आयपॅड मिनी कितीतरी अधिक वेगवान आहे, यात वाद नाही. पण केवळ "फोन त्या कंपनीचा आहे" म्हणून ३७ हजार रुपये जास्त अडकवणे हा निराळा प्रश्न आहे. लहान धंद्यात तेवढ्या रकमेचा माल येतो.

कंपनी आणि प्रणाली यांत फरक

पहिली गोष्ट लक्षात घ्यावी ती ही की, यंत्रे एकमेकांशी जुळतात ती पाठीवरच्या नावामुळे नव्हे, तर आत चालणाऱ्या प्रणालीमुळे आणि त्यावर उघडलेल्या खात्यामुळे. सॅमसंग, शाओमी, व्हिवो, ओप्पो, मोटोरोला, लेनोव्हो या सर्वांचे फोन गुगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतात. त्यामुळे फोन व्हिवोचा आणि टॅबलेट लेनोव्होचा असला तरी दोन्हींवर एकच जीमेल खाते घातले की फोन क्रमांक, फोटो, ड्राइव्हमधील कागद आणि विकत घेतलेली ॲप दुसऱ्या यंत्रावर मिळतात. फाइल पाठवण्याची 'क्विक शेअर' ही सोय पूर्वी सॅमसंगची वेगळी आणि गुगलची वेगळी होती. जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही एक करण्यात आल्याचे जाहीर झाले.

मग अँड्रॉइडमध्येच कंपनी बदलली तर नुकसान काय? काही जादा सोयी जातात. टॅबलेटवर फोनचा कॉल घेणे, फोनवर नक्कल केलेला मजकूर टॅबलेटवर उतरवणे, फोनचे इंटरनेट टॅबलेटने आपोआप पकडणे, अशा त्या सोयी आहेत. शेवटचे काम हॉटस्पॉट हाताने चालू करूनही होते आणि ते कोणत्याही कंपनीच्या फोनवरून होते. या सोयी चांगल्या आहेत, पण त्यांच्यावाचून गल्ला अडत नाही.

खरी भिंत कोठे आहे?

खरी भिंत आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यामध्ये आहे. मात्र ती सर्व बाजूंनी सारखी उंच नाही.

आयफोनवाल्याने अँड्रॉइड टॅबलेट घेतला तर तीन ठिकाणी अडचण येते. ग्राहकांचे क्रमांक आयक्लाउडमध्ये साठवलेले असतील तर ते टॅबलेटवर आपोआप येत नाहीत, ते गुगल खात्यात हलवावे लागतात. दुसरे, आयफोन २०१७ पासून फोटो 'हीक' नावाच्या प्रकारात साठवतो. काही जुनी ॲप आणि छपाईवाल्यांचे संगणक तो उघडत नाहीत. यावर उपाय सोपा आहे : कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडावे. तिसरे, एअरड्रॉप ही अ‍ॅपलच्या यंत्रांसाठी केलेली सोय आहे. तिच्या भरवशावर न राहता फोटो गुगल ड्राइव्ह किंवा गुगल फोटोज यांमधून न्यावेत. ही दोन्ही ॲप आयफोनवर आणि अँड्रॉइडवर सारखीच चालतात.

उलट, अँड्रॉइड फोनवाल्याने आयपॅड घेतला तर गुगलची ॲप तेथेही मिळतात, पण प्ले स्टोअरवर पैसे देऊन घेतलेले ॲप आयपॅडवर पुन्हा विकत घ्यावे लागते. आयपॅडला मेमरी कार्डाची खाचही नसते. बिल छापणाऱ्या छोट्या ब्लूटूथ प्रिंटरचा प्रश्न तर विशेष महत्त्वाचा आहे. स्वस्त प्रिंटरांपैकी अनेक अँड्रॉइड डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात आणि ते आयपॅडशी जोडले जात नाहीत. प्रिंटर आधीच घेतलेला असेल तर तो सोबत नेऊन, बिल छापून पाहावे आणि मगच सौदा करावा. हिशेबासाठी टॅली वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की तो विंडोज संगणकाचा प्रोग्राम आहे. टॅबलेट कोणत्याही कंपनीचा घेतला तरी तो संगणकाची जागा घेणार नाही.

यूपीआय आणि व्हॉट्सॲप

अनेकांची अशी समजूत असते की फोनच्याच कंपनीचा टॅबलेट घेतला म्हणजे पैशांचे व्यवहारही त्यावर होतील. हे बरोबर नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयची रचनाच अशी आहे की बँकेत नोंदवलेल्या क्रमांकाच्या सिमवरून एसएमएस जाऊन ॲप त्या यंत्राशी बांधले जाते. वाय-फाय टॅबलेटमध्ये सिमच नसते. सिम घालता येणारा आयपॅडही फक्त इंटरनेटसाठी सिम वापरतो, त्यातून साधा एसएमएस जात नाही. तेव्हा पैसे देण्याघेण्याचे काम फोनवरच राहणार.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने यात फायदाही आहे. समजा, भिवंडीतील एका कापड दुकानात मालक नमाजला किंवा जेवायला गेला. टॅबलेट काउंटरवर राहिला, नोकर त्यावर ग्राहकाला नमुने दाखवतो आहे, आणि पैशांची चावी मालकाच्या खिशातील फोनमध्ये आहे. यासाठी टॅबलेटवर आपले खासगी जीमेल खाते न घालता दुकानाच्या नावाने वेगळे खाते उघडावे. त्यात मालाचे फोटो, भावपत्रक आणि ग्राहकांचे क्रमांक एवढेच ठेवावे. असे केले की फोन आणि टॅबलेट एका कंपनीचे असण्याची गरज बरीचशी संपते, कारण दोन्ही यंत्रांचे काम वाटून दिलेले असते.

व्हॉट्सॲपचे तसे नाही, ते दोन्ही ठिकाणी चालते. मुख्य फोनशी आणखी चार यंत्रे जोडता येतात. अँड्रॉइड टॅबलेटवर ही सोय आधीपासून होती, आयपॅडसाठी स्वतंत्र ॲप मे २०२५ मध्ये आले. मात्र मुख्य फोनवर १४ दिवस व्हॉट्सॲप उघडले नाही तर जोडलेली यंत्रे आपोआप सुटतात. नोकराच्या हाती टॅबलेट द्यायचा असेल तर घरगुती व्हॉट्सॲप त्याला जोडू नये, हे सांगायला नकोच.

बिल, हप्ता आणि जुना माल

टॅबलेटवर १८ टक्के जीएसटी आहे. १२,९९९ रुपयांच्या किमतीत सुमारे १,९८० रुपये कर असतो. नियमित जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याने धंद्यासाठी घेतलेल्या यंत्राच्या बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घेतला तर या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ती मिळत नाही.

त्याच कंपनीचा टॅबलेट घ्या, असे सुचवताना पुष्कळदा 'नो कॉस्ट ईएमआय'चे आमिष दाखवले जाते. क्रेडिट कार्डावरील अशा हप्त्यांत बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट देतो. शिवाय त्या व्याजावर जीएसटी आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही द्यावे लागते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. आपल्या बांधवांपैकी ज्यांना व्याजाचा व्यवहार टाळायचा आहे त्यांनी 'नो कॉस्ट' या शब्दावर न जाता रोखीचा भाव विचारावा आणि हप्त्याच्या कागदावर व्याजाचा रकाना आहे का ते पाहावे. ज्यांना केवळ हिशेब पाहायचा आहे त्यांनाही यातून खरी किंमत कळेल.

जुना टॅबलेट घेताना विक्रेत्याचे खाते आपल्यासमोर काढून घ्यावे. आयपॅडला 'अ‍ॅक्टिव्हेशन लॉक' असते आणि अँड्रॉइडलाही तसेच संरक्षण असते. आधीच्या मालकाचा पासवर्ड मिळाला नाही तर स्वस्तात घेतलेले यंत्र फळीवर ठेवण्याच्याच कामाचे उरते. तसेच सुरक्षेचे अपडेट आणखी किती वर्षे मिळणार, हेही विचारावे. ज्याचे अपडेट थांबले आहे तो टॅबलेट ग्राहकांचे क्रमांक ठेवण्यास योग्य नाही, मग तो फोनच्याच कंपनीचा का असेना.

निर्णय कसा करावा?

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर लिहावे की टॅबलेटकडून आपल्याला कोणती तीन कामे हवी आहेत. नमुने दाखवणे, यादी पाहणे, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेणे एवढीच कामे असतील तर कोणत्याही कंपनीचा चांगला अँड्रॉइड टॅबलेट चालेल, फोन आयफोन असला तरीही. त्यात निदान ४ जीबी रॅम, मेमरी कार्डाची खाच आणि आपल्या गावात दुरुस्ती केंद्र आहे का, एवढे पाहावे. पण आपण आयफोनवर दिवसाला शेकडो फोटो काढून एअरड्रॉपने पाठवत असाल, किंवा नकाशी आणि डिझाइन अ‍ॅपल पेन्सिलने काढायची असेल, तर मात्र आयपॅडला दिलेले जादा पैसे वाया जाणार नाहीत. अ‍ॅपल पेन्सिल आयपॅडशिवाय दुसऱ्या टॅबलेटवर चालत नाही.

फोनची कंपनी कोणती, हा प्रश्न विचारण्यास हरकत नाही. पण तो सर्वांत शेवटी विचारावा. आधी काम, मग प्रणाली, मग किंमत, आणि त्यानंतर कंपनीचे नाव, या क्रमाने चालणाऱ्याचे भांडवल यंत्रात अडकून पडणार नाही.