फोटोतली सुकती

आमच्या मालवणच्या घरी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. बिस्किटं कधीच संपली, आता त्यात फोटो असतात. त्यातला एक फोटो चौकोनी, जेमतेम सव्वादोन इंचांचा. मागे पेन्सिलीने एकच शब्द लिहिलाय, ‘धक्का’. पुढे चार-पाच माणसं, एक ट्रंक, एक वळकटी, फणस असावेत असं वाटणारं एक पोतं. त्यांच्या मागे पडाव आणि पडावाच्या मागे सिंधुदुर्गाचा तट. साल नाही, तारीख नाही, कुणाचं नाव नाही. आतेला दाखवला, तर तिने भिंग लावून बराच वेळ बघितला आणि परत दिला. ‘माका काय ठावक? मी तेव्हा न्हान होतंय.’

पुढे तो फोटो शेजारच्या तांडेलकाकांच्या हातात पडला. त्यांनी माणसांकडे बघितलंसुद्धा नाही. थेट किल्ल्याच्या तटावर बोट ठेवून म्हणाले, ‘भांगाची सुकती ही. अष्टमी नायतर नवमी असतली.’

मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते तट वाचत होते. समुद्रातल्या दगडावर भरती जिथवर चढते तिथवर कालवं धरतात, शेवाळ धरतं, आणि तटाच्या पायाला एक काळा पट्टा तयार होतो. ओहोटीला, म्हणजे आमच्या सुकतीला, तो पट्टा उघडा पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, म्हणून सुकतीला पट्टा रुंद दिसतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढउतार कमी, पट्टा अरुंद. फोटोत पट्टा दिसत होता, पण अरुंद. संपला त्यांचा पुरावा.

चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही जवळपास तेवढीच मागे सरते. किनाऱ्यावर यासाठी एक जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीचे तास मिळतात. अमावास्येला किंवा पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. हिशोब ठोकळ आहे. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून मालवणात ती मुंबईच्या आधी येते, गाव बदललं की अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण अष्टमीला भरती सहाच्या सुमाराला, तर सुकती बाराच्या सुमाराला, एवढं त्यातून नक्की निघतं. म्हणजे फोटो भर दुपारचा आहे असं ठरलं, तर तांडेलकाकांची तिथी पक्की.

भर दुपार ठरवायला सावली आहे. धक्क्यावर होडी बांधायचा एक खांब उभा आहे आणि त्याच्या पायाशी वीतभर सावली. कॅमेऱ्याचं तोंड किल्ल्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे. सावली ना कॅमेऱ्याकडे येते ना किल्ल्याकडे जाते, म्हणजे सूर्य नेमका मध्यान्हीला आहे. घड्याळात तेव्हा साडेबारा वाजून गेलेले असणार, कारण भारतीय प्रमाणवेळेची रेषा आपल्या पूर्वेला बरीच लांब आहे आणि मालवणची खरी दुपार घड्याळापेक्षा अर्ध्या तासाहून जास्त उशिरा होते. इथवर ठीक. पण ती वीतभर सावली डावीकडे कलली होती. पश्चिमेकडे तोंड केलं की डावा हात दक्षिणेला. दुपारी बाराची सावली आणि दक्षिणेला?

शाळेत आपण शिकलेलो असतो की आपल्याकडे दुपारची सावली उत्तरेला पडते. वर्षाचे नऊ महिने ते खरंही आहे. पण मालवण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि सूर्य उत्तरायणात साडेतेवीस अंशांपर्यंत जातो. मेच्या पहिल्या आठवड्यात तो मालवणच्या अगदी डोक्यावर येतो, त्या दिवशी दुपारी खांबाला सावलीच नसते. मग तो आपल्याला ओलांडून उत्तरेला जातो आणि ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परत येताना पुन्हा डोक्यावरून जातो. मधल्या तीन महिन्यांत दुपारची सावली दक्षिणेला पडते. त्यातले जून-जुलै आणि ऑगस्टचे पहिले दिवस पावसाचे. बंदर बंद, पडाव शाकारून ठेवलेले. फोटोत पडाव पाण्यात आहे आणि ऊन कडक आहे. उरतो मे महिना, तोही पहिला आठवडा उलटून गेल्यानंतरचा.

मे महिन्यातली अष्टमी किंवा नवमी, दुपारी साडेबारा. माणसं मुंबईला निघालेले चाकरमानी, खडकाळ बंदराबाहेर उभ्या राहणाऱ्या आगबोटीपर्यंत पडावातून जायला थांबलेले. एवढं सगळं एका काळ्या पट्ट्यातून आणि वीतभर सावलीतून निघालं, फोटो काढणाऱ्याला यातलं काहीच काढायचं नव्हतं. कोकण सेवक, कोकण शक्ती या आगबोटींची नावं ऐकली की अजून काही लोकांना मळमळतं आणि काहींचे डोळे भरून येतात. बऱ्याचदा ती एकच माणसं असतात.

साल मात्र ऊन-पाणी सांगत नाही, ती दरवर्षी तीच असतात. साल माणसांच्या वस्तूंत शोधावं लागतं. आमचा फोटो चौकोनी आणि न मोठा केलेला, म्हणजे फिल्मच्याच मापाचा. तशी बारा चौकोनी चित्रं १२० च्या रोलवर निघायची, आणि आपल्याकडे असा रोल घेणारा घरोघरचा कॅमेरा म्हणजे आग्फाचा क्लिक थ्री. म्हणजे साठचं दशक किंवा त्याच्या थोडं पुढेमागे. याच्या पलीकडे हा फोटो जात नाही.

पण तो बाजारपेठेत काढलेला असता तर गेला असता. मालवणची पेठ अरुंद, घरांचे ओटे थेट रस्त्याला लागलेले, खाली दुकान, वर माडी, दुकान बंद करायचं तर एकामागून एक नंबर घातलेल्या फळ्या लावायच्या. आता त्यातलं बरंचसं स्लॅब आणि शटरखाली गेलंय. जुन्या फोटोत मागच्या दुकानाची पाटी अर्धीमुर्धी जरी आली असेल, तरी माझ्यासारख्याची दिवाळी. पाटीवर ‘येथें उत्तम चहा मिळेल’ असं ‘थें’वर अनुस्वार देऊन लिहिलंय? मग पाटी बहुधा १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी रंगवलेली, नाहीतर रंगारी जुन्या वळणाचा. चहाचा भाव ‘न.पै.’मध्ये आहे? आणे जाऊन दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला आणि ‘नये’ हा शब्द गळला १९६४ मध्ये, म्हणजे सात वर्षांची खिडकी मिळाली. पिनकोड आहे? तो १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा असू शकत नाही. आणि सगळ्यात गोड खूण आमच्याच जिल्ह्याची. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला. पाटीवर पिनकोड असेल आणि खाली ‘जि. रत्नागिरी’ही असेल, तर ती पाटी रंगवली गेली १९७२ ते १९८१ या नऊ वर्षांत. दुकानदाराने पैसे वाचवायला पाटी बदलली नसेल, तर फोटो त्यानंतरचाही असू शकतो. दुकानदार मालवणातले, तेव्हा ते धरूनच चालायला हवं.

पाट्या नसल्या तर छपरं बघावीत. अर्ध्या नळीसारखे गावठी नळे आणि सपाट, खाचांत खाच बसणारी मंगलोरी कौलं लांबूनसुद्धा वेगळी ओळखू येतात. मंगळुरात बासेल मिशनच्या लोकांनी कौलांचा कारखाना काढला १८६५ मध्ये, आणि तिथून ही कौलं गलबतांतून सगळ्या किनाऱ्यावर पसरली. त्यामुळे कोकणातल्या कुठल्याही फोटोत मंगलोरी छप्पर दिसलं की तो त्या सालानंतरचा, याबद्दल वाद नाही. घर पाडतात तेव्हा ही कौलं कुणी टाकत नाही. गोठ्यामागे रचून ठेवतात. एखादं उलटून बघा, पोटावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. रस्ता गेला, घर गेलं, आणि कारखान्याचं नाव पोटावर घेऊन कौल गोठ्यामागे पडलेलं.

यात फसगतही होते. मुंबईत १८५० च्या दशकातच फोटोग्राफीचं वेड आलं होतं. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, आणि तिच्या सुरुवातीच्या देशी सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी होते. लाडांचं मूळ तेरेखोलच्या पलीकडच्या पेडण्याचं, म्हणजे आमचे शेजारीच. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरने मुंबईच्या जातीजमातींचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यातली कित्येक माणसं स्टुडिओत उभी करून टिपलेली आहेत, आणि मग ती कापून भलत्याच देवळाच्या, रस्त्याच्या फोटोवर बसवलेली आहेत. दीडशे वर्षांपूर्वी, कात्री आणि डिंक घेऊन. म्हणून मी आधी सावल्या बघतो. माणसाची सावली एकीकडे आणि मागच्या घराची दुसरीकडे गेली, की काहीतरी शिजलंय.

सेकंदापर्यंत वेळ ठाऊक असलेले फोटोही याच किनाऱ्यावर निघाले आहेत, फक्त कॅमेऱ्याचं तोंड वर होतं. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं आणि त्यासाठी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गात येऊन राहिले होते. मेल्पोमीन या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या हाताखाली, दिवस दिवस तालीम करून घेतलेली, कारण खग्रास अवस्था होती जेमतेम दोन मिनिटांची. दुर्बिणी आणि कॅमेरे बसवायला बांधलेले चौथरे गावात ‘साहेबाचे ओटे’ म्हणून अजून दाखवतात. तिथे तुम्हाला हमखास सांगतात की हेलियमचा शोध इथेच लागला. ते काही खरं नाही. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ गाजली १८६८ च्या ग्रहणावेळी. त्या ग्रहणाचा पट्टा आंध्रातल्या गुंटूरवरून गेला होता आणि लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. ते विजयदुर्गाला आले त्याच्या तीन वर्षं आधीच रसायनशास्त्रज्ञ रॅमसेने पृथ्वीवरचं हेलियम प्रयोगशाळेत पकडलं होतं. मला या दंतकथेचा राग येत नाही, पण खरी गोष्ट तिच्यापेक्षा जास्त रोमांचक आहे. आरमाराचे खलाशी तोफा सोडून काचा बदलायला उभे आहेत आणि खाडीवर भर दुपारी अंधार उतरतोय. तेव्हा कुणी कॅमेरा फक्त खाली वळवायला हवा होता. विजयदुर्गातली घरं, होड्या, आ वासून वर बघणारी माणसं, सगळं तारीखवार मिळालं असतं.

अंधाराचंच सांगायचं तर, परदेशातली माणसं जुन्या शहरांतले नाहीसे झालेले नाईटक्लब फोटोंतून शोधत बसतात. आमच्याकडे रात्र म्हणजे दहीकालो, जत्रेतला दशावतार. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास देवळापुढे दशावतार उभा राहतो. आधी गणपती, रिद्धीसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, शंखासुराची धमाल, मग आख्यान, पहाटेपर्यंत. संहिता नाही, संवाद जागच्या जागी रचलेले. पायपेटी, मृदंग, झांज आणि मांडलेलं एक लाकडी बाकडं. त्या बाकड्याचंच सिंहासन होतं, रथ होतो, पर्वत होतो. बाहेर खाज्याची आणि भज्यांची दुकानं. पूर्वी नट रंगाचा पेटारा डोक्यावर घेऊन एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला चालत जायचे. दशावतार आजही आहे, चांगला जोरात आहे. गेली ती त्याची जुनी रात्र, आधी दिवट्यांची आणि नंतर एका बाजूने सूं करत जळणाऱ्या गॅसबत्तीची. आमच्या डब्यात, आणि ज्यांचे ज्यांचे डबे मी आजवर उघडले त्यांतही, त्या रात्रीचा एकही फोटो नाही.

उन्हाच्या मानाने गॅसबत्तीचा उजेड दोन-तीन मीटरवर हजार-दोन हजार पटींनी कमी पडतो. साध्या कॅमेऱ्याने उन्हात जे काम सेकंदाच्या पन्नासाव्या भागात होतं, त्याला इथे अर्धा मिनिट लागेल. अर्धा मिनिट शंखासुराला गप्प कोण उभं करणार? जगातला माणूस दिसणारा पहिला समजला जाणारा फोटो पॅरिसचा, दागेरने १८३८ मध्ये काढलेला. रस्ता वर्दळीचा, पण भिंग इतका वेळ उघडं ठेवावं लागलं की घोडागाड्या, माणसं सगळी पुसून गेली. उमटला फक्त बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी थांबलेला माणूस. तो बुलेव्हार द्यु ताँप्ल हा रस्ता नाटकगृहांचा, रात्रीच्या गर्दीचा. त्यातली बरीचशी नाटकगृहं १८६२ मध्ये रस्तारुंदीत पाडली. म्हणजे तिथेही रात्र फोटोत आली नाही आणि ती नाटकगृहंही राहिली नाहीत. आमच्या जत्रेत कुणी तेव्हा अर्धा मिनिट काच उघडी ठेवली असती, तर देव, दानव, प्रेक्षक सगळे पुसले गेले असते. बाकडं तेवढं आलं असतं, लख्ख.

यंदा मेमध्ये तो चौकोनी फोटो घेऊन मी धक्क्यावर गेलो. त्याच जागी उभं राहायचं तर दोन वस्तू लागतात, एक जवळची आणि एक लांबची. पाऊलभर डावीकडे सरकलं की जवळची वस्तू लांबच्या वस्तूपुढून उजवीकडे सरकते. जवळचा खांब कधीच गेलाय, म्हणून पडावापुढच्या पाण्यातला एक खडक धरला आणि तटाचा बुरूज. सेल्फी काढणाऱ्या पोरांना चुकवत, मागे-पुढे, डावीकडे-उजवीकडे. बुरुजाची कड खडकाच्या खाचेत बसली तेव्हा माझी पाठ मासळीच्या बर्फाच्या पेटीला टेकली होती. घड्याळात बारा पस्तीस. पायाशी माझी सावली शोधली, ती जवळजवळ सगळी चपलांखालीच होती, डाव्या अंगाला जराशी बाहेर आलेली.

‘दादा, किल्ल्यावर येतास काय?’ होडीवाल्याने विचारलं. ‘पाणी भरूच्या आधी सोडतंय.’