जनावराच्या तोंडातली शिल्लक

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी किंवा देवणी बैल पसंत पडला, की जाणता शेतकरी त्याचा खालचा ओठ ओढून दात पाहतो. ज्या जनावराचा जन्मदाखला नाही, त्याचे वय तोंडातच वाचायचे असते.

गाय-बैलाच्या वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच. तिथे टणक हिरडी असते. खाली मात्र आठ दात असतात. ते दुधाचे असेपर्यंत जनावर ‘आदत’. दोन-अडीच वर्षांचे झाले की मधले दोन दुधाचे दात पडून रुंद, पक्के दात येतात. जनावर ‘दोनदाती’ होते. मग एकेक जोडी बदलत चारदाती, सहादाती, आणि साडेचार-पाच वर्षांच्या सुमारास आठही दात पुरे झाले की ते ‘जुळले’.

इथपर्यंतचा हिशोब बराचसा भरवशाचा. पुढे मात्र दात येत नाहीत, ते फक्त झिजतात. मधली जोडी आधी आलेली, म्हणून सहसा आधी झिजते. हळूहळू दात आखूड होतात, त्यांच्यात फटी पडतात आणि म्हातारपणी खुंट उरतात. पण झीज केवळ वर्षांवर ठरत नाही. गवतात वाळूसारखे कठीण सूक्ष्म कण असतात, त्यात माती मिसळते. दुष्काळात उघड्या माळावर बोटभर गवत खरवडून खाणाऱ्या जनावराचे दात लवकर झिजतात. गोठ्यात स्वच्छ कडबा खाणाऱ्याचे उशिरा. त्यामुळे एकाच वयाच्या दोन बैलांची तोंडे वेगळी दिसू शकतात.

खरे काम करतात त्या मागच्या चोवीस दाढा. गाय दिवसातून सहा ते आठ तास रवंथ करते, म्हणजे या दाढांना विसावा थोडाच. निसर्गाने यावर तोड काढली आहे. दाढेचा मोठा भाग हिरडीत दडलेला असतो. वरून झीज होते तसा तो वर सरकतो. शिवाय दाढेत कठीण आणि मऊ थर आलटून पालटून असतात. मऊ थर आधी झिजतो, कठीण थराच्या कडा उभ्या राहतात. जात्याला टाकी लावावी लागते; इथे झीजच टाकीचे काम करते.

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात. हत्तीच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूला आयुष्यात एकामागून एक सहा दाढा येतात. गायीला मात्र यातले काहीच नाही. हिरडीतली शिल्लक संपली की संपली.

म्हणून म्हातारी गाय गव्हाणीत तोंड घालते, पण रोडावत जाते, अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे बोळे तोंडातून पडतात, शेणात लांब काड्या नि अख्खे दाणे दिसतात, तेव्हा औषधांवर पैसे घालण्याआधी पशुवैद्याकडून तिचे तोंड तपासून घ्यावे. दाढा दूर मागे असतात. चिमटा बसेल, म्हणून हात आपण घालू नये. झीज हेच कारण निघाले, तर कडब्याची बारीक कुट्टी करावी, भरडा भिजवून द्यावा, हिरवा कोवळा चारा आधी तिच्यापुढे टाकावा. दाताचे काम विळ्याने आणि पाण्याने थोडे उरकले, तर पुढचा एखादा उन्हाळा ती सुखाने काढू शकते.